एकाला आत राहू दे

लाइन खराब होती, बाकी काही नाही. लाइन चांगली असती तर मी प्लग लावून "दिल्ली आहे, बोला" म्हटलं असतं आणि शेजारच्या बोर्डावरच्या बाईंचं गणपतीच्या रजेचं रडगाणं ऐकत बसले असते. पण श्रावण होता, खंडाळ्याच्या बाजूने ढग खाली उतरले होते, आणि असल्या हवेत आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या लांबच्या लाइनी एक चाळा करतात. या टोकाचं त्या टोकाला जात नाही, त्या टोकाचं या टोकाला येत नाही, पण मध्ये बसलेल्या आम्हांला दोन्हीकडचं लख्ख ऐकू येतं. मग मधलीने तोंड लावायचं. ह्याचं वाक्य त्याला सांगायचं, त्याचं ह्याला. जसंच्या तसं. पुण्याला ट्रेनिंगला होते तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मुलींनो, बोर्डावर बसलात की तुम्हांला मत नाही, नवरा नाही, पोर नाही. तुम्ही तारेचा तुकडा. मला ते फार आवडलं होतं. कान्ह्याच्या गावकुसाबाहेरून आलेली मी, जिला शाळेत माठाला हात लावू देत नसत. आणि आता शेठजीघरचं, साहेबाघरचं, बामणाघरचं सगळं बोलणं माझ्या तोंडातून जाणार! गेलंही. एका सासूच्या शिव्या मी तिच्या सुनेला शब्दन्‌शब्द पोचवल्यात, अगदी सासूच्या ठसक्यात. मयताच्या बातम्या दिल्यात. मधुचंद्राला आलेल्या एका बाबाला त्याच्या मुंबईच्या दुसरीचा निरोप दिलाय, बायको शेजारी बसलेली असताना. हसू यायचं मला. कुणाचं वाटोळं झालं तरी माझ्या अंगाला काही लागायचं नाही.

दिल्लीचा माणूस मराठीच होता, कुणा खासदाराचा सेक्रेटरी. "लोणावळा, तुंगार्लीचा बंगला द्या." दिला. तिकडून खाकरण्याचा आवाज आला आणि मी तो ओळखला. सोपानराव. माजी उपमंत्री, आमच्या मावळात नुसतं 'भाऊ' म्हटलं तरी लहान पोर सांगेल कोण ते. भाऊंना लाचलुचपतीच्या खटल्यात शिक्षा झालेली, पण भाऊंची तब्येत नाजूक, म्हणून आधी दवाखाना आणि मग पॅरोलवर एका शेठच्या बंगल्यात, झोपाळ्यावर. दोघंही हॅलो हॅलो करून थकले तेव्हा मी नेहमीच्या सुरात म्हणाले, "साहेब, लाइन खराब आहे, मी मधून सांगते." दिल्ली म्हणाली, "भाऊंना सांगा, काम झालं. माफी मिळाली. राष्ट्रपतींची सही दोन दिवसांत." मी सांगितलं. भाऊ म्हणाले, "वा वा." मी वा वा सांगितलं. मग दिल्ली म्हणाली, "त्याच खटल्यातला तो कारकून आहे ना, निवृत्ती म्हणून, तोही आतच आहे. खात्यातले म्हणतात, त्याचंही नाव त्याच कागदावर बसतंय, हरकत नाही. घालू का विचारा."

निवृत्ती माझा नवरा. तोंडाने मी 'अहो' म्हणते, मनात नावाने म्हणते. मी ते वाक्य भाऊंना सांगितलं, निवृत्ती म्हणून, तोही आतच आहे, घालू का विचारतात. माझा आवाज जराही हलला नाही. माझं मलाच नवल वाटलं. तिकडे कपबशी वाजली. भाऊ चहा प्यायले बहुतेक, एक घोट, घाई नाही काही. मग म्हणाले, "नको. दोघंही सुटले तर लोक म्हणतील सगळं मिटवलं. एकाला आत राहू दे. कायद्याची बूज राहते." आणि इकडून दिल्ली म्हणाली, "हॅलो लोणावळा? काय म्हणाले?"

काय म्हणाले. आता किती वेळ गेला असेल मध्ये? काहीच नाही, एक श्वास. पण त्या श्वासात मी सगळं घर फिरून आले. 'घाला' हा शब्द माझ्या जिभेवर होता, खरंच होता, मला त्याची चव लागली. घाला म्हणतात. संपलं. दिल्लीला भाऊंचा आवाज ऐकू येत नव्हता, भाऊंना दिल्लीचा. त्या घाटाच्या वर ढगात मी एकटी होते आणि माझ्या नवऱ्याची उरलेली दोन वर्षं माझ्या तोंडात होती. शेजारच्या बाई रजेचंच बोलत होत्या. मी म्हणाले, "नको म्हणतात. दोघंही सुटले तर लोक म्हणतील सगळं मिटवलं. एकाला आत राहू दे. कायद्याची बूज राहते." दिल्लीने विचारलं, "काय राहते?" मी मोठ्याने, तोंड फाडून सांगितलं, "बूज, साहेब. कायद्याची बूज." दिल्ली हसली. म्हणाली, "भाऊ म्हणजे भाऊच." तेही मी भाऊंना सांगितलं.

ड्यूटी संपवून चालत घरी आले तर पाय आपोआप चालत होते. बाजारातल्या चिक्कीच्या दुकानांपुढे मुंबईच्या बायका प्लॅस्टिकचे रेनकोट घालून तुकडे चाखत होत्या आणि मला प्रत्येकीच्या मुस्काटात ठेवून द्यावीशी वाटत होती. का मी 'घाला' म्हणाले नाही? भीती? हो, भीती. बोर्डावरचं बदलून सांगणं, बाहेर सांगणं, दोन्ही गुन्हे. नोकरी जाते, तुरुंग होतो. एक आत, दुसरी आत, मग घरी कोण, खुंटीवरची छत्री? पण नुसती भीती असती तर मला इतकी घाण वाटली नसती. खरी गोष्ट अशी की त्या क्षणी मला निवृत्ती दिसला, कोर्टाच्या पिंजऱ्यातला, पांढरा सदरा घातलेला, आणि मला वाटलं की तो माझ्याकडे बघतोय.

तो खटलाही काय, पोरखेळ. दुष्काळाचं साल, वरच्या वाड्यांवरच्या लोकांना फुकट सुकडी आणि मायलोची लाल ज्वारी वाटायची होती. ते वाटायचं काम भाऊंच्या सहकारी संघाकडे, आणि निवृत्ती संघात कारकून. धान्य वाड्यांवर गेलंच नाही, वाटेतच विकलं गेलं. भाऊ म्हणाले, निवृत्ती, पोचलं म्हणून सही कर, उद्या पाठवतो. निवृत्तीने सही केली. उद्या कसला येतोय! कोर्टासाठी वकिलाने त्याला घोकून घोकून शिकवलं होतं, आठवत नाही म्हण, सही माझ्या सहीसारखी दिसते पण आठवत नाही म्हण. भाऊंनी तेच म्हटलं, सगळ्याच प्रश्नांना, आठवत नाही, आठवत नाही, मला तर वाटलं भाऊ स्वतःचं नावही सांगायचे नाहीत. आणि माझा शहाणा? "सही माझी आहे," म्हणाला. छाती काढून. "भाऊंनी सांगितलं म्हणून केली, पण सही माझी आहे." बाहेर आल्यावर वकिलाने कपाळावर हात मारला तेव्हा निवृत्ती म्हणाला होता, शब्द बदलायचा नाही. आपल्या बाबांनी घटना लिहिली, आपणच कायद्यापुढे खोटं बोलायचं? आपण तरी नाही. मी त्याच्यामागे उभी होते. मला त्याचा राग आला होता आणि अभिमानही वाटला होता, दोन्ही एकदमच. निकालात त्याला भाऊंइतकीच शिक्षा झाली. भाऊंच्या विरुद्ध धड पुरावा एकच, निवृत्तीचा तो शब्द. आणि निवृत्तीच्या विरुद्धही तोच.

भाऊंच्या माफीचं पेपरात आलं तेव्हा सगळ्या लोणावळ्याला कळलं. मला तोपर्यंत शिळं झालं होतं. आणि त्याच संध्याकाळी भिमाजी आला, भाऊंचा आमच्या वॉर्डातला माणूस, खिशात दोन पेनं लावणारा, त्यातलं एक लिहिणारं. चप्पल काढून, अगदी सोवळा होऊन आत आला. "वहिनी, आनंदाची बातमी." मी म्हटलं, ऐकली. "भाऊ बुधवारी येरवड्याला कागद पुरे करून पॅसेंजरने येणार. मोटारीने नाही म्हणाले, लोकांत यायचं. तळेगावला हार, वडगावला हार, कामशेतला लेझीम, आणि शेवटी आपल्या स्टेशनात ओवाळायचं. ते ओवाळणं तुमच्या हातून व्हावं अशी भाऊंची इच्छा आहे."

"माझ्या हातून?"

"म्हंजे बघा, लोक काय म्हणतात, भाऊ सुटले नि निवृत्तीराव अडकले. उगाच आपल्यात फूट. तुम्ही ओवाळलंत की प्रश्नच मिटला. फोटोवाला सांगितलाय. आणि भाऊ बोलले मला, निवृत्तीचं मी स्वतः दिल्लीला बोलतोय. जातीने बोलतोय म्हणाले."

"बोलले?"

"बोलणार म्हणाले. बोललेच समजा."

मला हसू फुटलं. भिमाजीला वाटलं आनंदाचं. त्यालाही हसू आलं, मग आम्ही दोघं तिथे कॉटवर आणि खुर्चीवर समोरासमोर बसून हसत राहिलो आणि मी त्याला चहा केला. सांगावं का ह्याला? भिमाजी, तुझे भाऊ बोलले, काय बोलले ते मी पाठ म्हणून दाखवते, बूज कशी म्हणाले तेही. तो उद्या सकाळी आमच्या सुपरवायझरकडे गेला असता. मी साखर जास्त घातली त्याच्या चहात आणि म्हटलं, येरवड्याला विचारून सांगते.

शेजारच्या भामाबाई म्हणजे आमच्या वस्तीतल्या सगळ्यात जुन्या. त्यांना भिमाजीचं सांगितलं, फोनचं नाही. मला वाटलं खवळतील. दीक्षा घेतली त्या साली त्यांनी स्वतःच्या हाताने घरातले देवांचे टाक नदीला नेऊन सोडले होते. आरती, निरांजन, ओवाळणं, आमच्याकडे कुणाच्या दारात दिसायचं नाही. भामाबाई पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "नवरा सुटणार आसंल तर वावाळ की. बाबासायब काय रागवायचं न्हाईत. मी बगते त्यास्नी." आणि स्वतःच खुदकन हसल्या. मग म्हणाल्या, "ताट हाय का तुज्याकडं? न्हाईतर माजी परात घेऊन जा." मला एवढा संताप आला त्यांचा! मला कुणीतरी नको म्हणायला हवं होतं. अख्ख्या लोणावळ्यात एक माणूस मला नको म्हणेना.

एक निवृत्ती म्हणेल, याची मला खात्री होती. येरवड्याच्या बसमध्ये बसल्यापासून मी त्याचं नको ऐकत होते. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला माझा भाऊ सखाराम कान्ह्याहून आला होता, नवा सदरा, केसाला तेल. मी हौसेने पाट मांडला, दिवा लावला. निवृत्ती कामावरून आला, पाट बघितला, आणि शांतपणे दिवा फुंकून टाकला. ओरडला नाही. म्हणाला, सखाराम, जेवायला बस, हे असलं आमच्यात बंद झालंय. सखाराम पाटावर बसलेला, हात गुडघ्यावर, कपाळ पुढे केलेलं. तो तसाच उठला आणि जेवलाही नाही, आणि पुन्हा कधी आला नाही. मी तेव्हा निवृत्तीशी आठवडाभर बोलले नव्हते. पण आता बसमध्ये मला तो फुंकलेला दिवा फार हवासा वाटत होता. हा माणूस फुंकर मारेल. म्हणेल, ओवाळायचं? त्याला? शरम वाटत नाही? मग मी मोकळी.

येरवड्याला भेट म्हणजे दोन जाळ्या, मध्ये हातभर अंतर, पलीकडे सात-आठ जण, अलीकडे त्यांची माणसं, आणि सगळे एकाच वेळी ओरडतात. खासगी काही बोलायचं तरी ओरडूनच. माझ्या शेजारी टाकव्याच्या वरच्या वाडीची गंगी होती, तिचा नवसू जंगलातला साग तोडला म्हणून आत. आम्ही बसमधून बरोबरच आलो होतो. तिने वाटेत मला विचारलं होतं, "बाई, ती माफी कुटं मिळती? कंच्या आपिसात?" मी म्हटलं, दिल्लीला. "लय लांब हाय?" फार लांब, म्हटलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे." तिला भूक लागली होती, तिने भाकरी सोडली. ज्या वाड्यांवर ती सुकडी जायची होती, त्यांतली एक तिची. तिला ते माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

निवृत्ती आला. गळ्याची हाडं वर आलेली. पण डोळे चमकत होते. "भाऊंचं कळलं!" तो ओरडला. "कलम बहात्तर! राष्ट्रपतींचा अधिकार आहे तो. बेकायदा काही नाही त्यात!"

"भिमाजी आला होता!" मी ओरडले. "स्टेशनात ओवाळायला बोलावतायत मला!"

मी बघत राहिले त्याच्या तोंडाकडे. फुंक आता. फुंक. तो म्हणाला, "माझं काही बोलले?"

"दिल्लीला बोलतो म्हणाले."

"बोलतील! भाऊ शब्दाचा पक्का आहे!"

आणि मग मला राहवलं नाही. भाऊ शब्दाचा पक्का! मी जाळीला तोंड लावलं आणि सांगितलं. हळू सांगायला गेले तर तो कानाला हात लावून "मोठ्याने, मोठ्याने" करायला लागला, शेवटी मी ओरडलेच, "दिल्लीने विचारलं, निवृत्तीचं नाव घालू का! भाऊ नको म्हणाले! एकाला आत राहू दे म्हणाले!" गंगीने वळून बघितलं. पहारेकऱ्यानेही बघितलं, मग जांभई दिली.

"तुला कुणी सांगितलं?"

"मीच बोर्डावर होते!"

त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या, त्याच जुन्या, मास्तरी. "बोर्डावरचं ऐकलेलं बाहेर बोलतेस? गुन्हा आहे तो, कळतं का तुला?"

"ऐकलं नाही हो, सांगितलं! लाइन खराब होती. त्यांचं बोलणं मी मधून सांगत होते!"

हे त्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. ते शिरताना मला दिसत होतं, चेहऱ्यावरून एकेक गोष्ट निघून जाताना दिसत होती. "तू सांगितलंस," तो म्हणाला. "तुझ्या तोंडाने."

"हो."

"जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं. शब्द बदलला नाही." आणि खरं सांगते, लाज वाटते पण सांगते, त्या वेळी, त्या गोंगाटात, मी त्याच्या शाबासकीची वाट बघत होते. ज्या माणसाने एक 'आठवत नाही' म्हटलं नाही, तो म्हणेल, चंपा, बरोबर केलंस. एवढं म्हणाला असता तर मी ती दोन वर्षं एका पायावर काढली असती. मी त्याच्यासाठीच तर, त्या पिंजऱ्यातल्या पांढऱ्या सदऱ्यासाठीच तर तोंडातला शब्द गिळला होता.

त्याने जाळीत दोन्ही हातांची बोटं अडकवली. "एक शब्द, चंपे," तो म्हणाला. आता तो ओरडत नव्हता तरी मला ऐकू आलं. "घाला. एवढंच म्हणायचं होतं. घाला. काय गेलं असतं तुझ्या बापाचं?"

"तुम्हीच म्हणत होता ना, शब्द—"

"कोर्टात! कोर्टात म्हणालो मी! फोनवर कोण बघत होतं तुला?"

कोण बघत होतं. मी काय सांगणार, तूच बघत होतास म्हणून? तो पाठ करून उभा राहिला. त्याच्या मानेवर घामोळं आलं होतं, आणि मला वाटलं पावडर आणायला हवी होती. बाजूला गंगी नवसूला बकरी व्यायल्याचं सांगत होती आणि नवसू पलीकडून "किती? किती?" करत होता. मग निवृत्ती वळला, आणि त्याचा चेहरा बदलला होता, शहाणा, समजूतदार, दुकानदारासारखा झाला होता. "ओवाळ त्याला," म्हणाला.

"अहो, पण आत्ताच सांगितलं ना मी—"

"तेव्हाचं वेगळं. फोनवर माणूस काहीही बोलतो. तू समोर उभी राहिलीस, ताट हातात, चार लोक बघतायत, की त्याला पाझर फुटेल. वाईट नाही गं तो. ओवाळ. चांगली हसून ओवाळ. तुला काही माहीत आहे असं दिसू देऊ नकोस."

"आपल्यात ओवाळत नाहीत."

"आता तू मला शिकव!" तो खेकसला. आणि मग जाळीला अगदी चिकटून, डोळे बारीक करून म्हणाला, "का गं? बरं चाललंय का तुझं? पगार आहे, खोली आहे, विचारणारं कुणी नाही. नाही ओवाळलंस तर मी समजेन की मी आतच बरा आहे तुला."

घंटा झाली आणि त्यांना घेऊन गेले. बसमध्ये गंगी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी खिडकीतून पिंपरीचे कारखाने बघत होते आणि मनात त्याला उत्तर देत होते, इतकी उत्तरं की ओठ हलत असावेत. पण सगळ्यात वाईट गोष्ट अशी की त्याचं सगळंच खोटं नव्हतं. तो गेल्यापासून खोली शांत होती. रेडिओ मी हवा तेव्हा लावते. वरणात गूळ घालते. रोज रात्री जेवताना कलम आणि पोटकलम नाही. एखादा दिवस असाही गेला होता की मला त्याची आठवण संध्याकाळीच झाली. मग त्या श्वासात, दिल्ली "काय म्हणाले" विचारत असताना, ही गुळाची चव तर नव्हती ना माझ्या तोंडात? नव्हती. देवाशपथ नव्हती, आणि देव तर आमच्यात नाही. पण आता त्याने म्हटलं ना, की मग होती की नव्हती ते मला कुणी सांगायचं? नवरा आत आणि बायकोचं डोकं असं नासवून ठेवलं. वा रे कायदा.

बुधवारी मी ओवाळलं. नाही ओवाळलं असतं तर तो आत राहिला असता तो माझ्यामुळे. ओवाळलं तर राहणारच होता, पण निदान माझ्यामुळे नाही. एवढाच हिशेब. भामाबाईंची परात राख लावून लख्ख घासली. स्टेशनात ही गर्दी, बँड, झेंडे, शाळेची पोरं. भाऊ डब्याच्या दारात उभे राहिले, गळ्यात इतके हार की हनुवटी दिसेना, आणि आमच्या लोकांनी 'कायद्याचा विजय असो' अशी घोषणा दिली. भिमाजीने मला पुढे ढकललं. कुंकू लावताना माझा अंगठा भाऊंच्या कपाळावर टेकला. गार, मऊ, नुकतं पावडर लावलेलं कपाळ. परात फिरवली. फोटोवाला म्हणाला, बाई, जरा हसा, म्हणून हसले. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, मी अगदी जवळून बघितलं. "वहिनी," ते म्हणाले, "निवृत्तीला मी विसरलेलो नाही. त्याचं आता माझ्याकडे लागलं." मी त्यांच्या डोळ्यांत शोधत होते, ती कपबशी, तो घोट, ते 'नको'. कुठे काही नव्हतं. लबाडी असती तर मी परात त्यांच्या तोंडावर मारली असती बहुतेक. पण त्या माणसाला आठवतच नव्हतं. कोर्टात खोटं बोलायचा, आता खरोखरच आठवत नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढची बाई हार घेऊन आली.

फोटो छापून आला. दिल्लीला कुणी बोललं नाही. बोलणं लोणावळ्यातूनच व्हायचं होतं, आणि तुंगार्लीहून दिल्लीचा एकही कॉल झाला नाही. माझ्या ड्यूटीत नाही, आणि दुसऱ्या ड्यूटीतल्या मुलींना मी आडून आडून विचारलं, त्यांच्याही नाही.

पुढच्या भेटीला निवृत्ती दाढी करून आला. पेपरातला फोटो त्याने सगळ्या बराकीला दाखवला होता. माझ्यावर राग नव्हता, उलट लाडात होता. "छान हसलीस," म्हणाला. त्याने आपली सतरंजी एका म्हाताऱ्या कैद्याला देऊन टाकली होती, आता मला कशाला म्हणून, आणि नुसत्या फरशीवर झोपत होता. त्यामुळे खोकला झाला होता. "पुढच्या खेपेला माझी ती पांढरी पँट आण," तो ओरडला. "लग्नातली! दिल्लीचं काही सांगता येत नाही, अचानक सोडतात. भाऊंसारखं नीट बाहेर पडायचं!" मी म्हणाले, आणते. "कंबरेत कमी करून आण! बघ किती झालीय!" त्याने सदरा वर केला आणि दोन जाळ्यांच्या पलीकडून मला पोट दाखवलं, नव्हतंच ते, आणि तो हसत होता.

बाजारपेठेत नथू शिंपी बसतो, त्याच्याकडे पँट घेऊन गेले. किती कमी करायची ते बोटांनी दाखवलं. नथूने माझ्या बोटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यानेही फोटो पाहिला होता. "सुटणार म्हना की निवृत्तीराव! लय बरं झालं." त्याने पँट उलटी केली, खडूने रेघ मारली. "आत कापड सोडून ठिवतो, वहिनी. घरचं खाऊन आंग भरलं की उसवून मोठी करता येईल."

"नको," मी म्हणाले.

"आवो, पुन्यांदा घालता येनार न्हाई मग."

"सोडू नका काही. कापून टाका."